काकांची स्वच्छ बाटली

३ मार्च, सोमवार
बायकोचा फोन. ओटीपोटात दुखतंय म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. तपासणीत क्लॅमिडिया निघाला. मी म्हणालो, हे कुंडीतल्या रोपाचं नाव वाटतंय. हसली नाही. म्हणाली, हे नवराबायकोत एकमेकांकडून येतं. माझ्या गोळ्या सुरू झाल्यात, तुम्ही लघवी तपासून घ्या, नाहीतर सुट्टीला आलात की पुन्हा तेच. मी तर कुठे गेले नव्हते, एवढं बोलली आणि फोन ठेवला.
मला काही होत नाही. ना दुखणं ना खुपणं. तरी उद्या जातो. विषय संपला.

५ मार्च
गेलो नाही. मालाचे ट्रक आले. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माणूस गारठतो, त्यात तपासणी बरोबर येत नसावी. गरम झालं की जाऊ.
मागच्या वर्षीचं ते एक प्रकरण धरायचं नाही. ते मी तेव्हाच विसरायचं ठरवलंय.

७ मार्च
मोबाइलवर वाचलं. नव्हतं वाचायला पाहिजे. क्लॅमिडिया बरेच दिवस गुपचूप आत राहिला तर मूल होण्यात अडचण. शिवाय काही अभ्यासांत अंडाशयाच्या कॅन्सरशीही संबंध दिसलाय. पक्कं सिद्ध नाही, पण असावा. हा 'असावा' फार वाईट. आहे म्हटलं तर माणूस रडतो, नाही म्हटलं तर जेवतो. असावा म्हटल्यावर काय करायचं ते लिहिलेलं नाही.
कॅन्सर म्हटलं की काकू आठवतात. काका म्हणजे माझ्याच शिफ्टचे, खोलीत पलीकडचा पलंग त्यांचा. तिकडे गावी काकूंना अंडाशयाचाच निघाला. पोट फुगतंय म्हणून गॅसच्या गोळ्या खात राहिल्या, कळलं तेव्हा उशीर. काका रोज फोनवर विचारतात, आज काय खाल्लंस. तिकडून काहीही आलं तरी बरं बरं म्हणतात.
माझ्या बायकोला मी असलं काही होऊ देणार नाही. उद्यापासून तिला रोज डाळिंब.

९ मार्च
डाळिंब खा म्हणून फोन केला. म्हणाली, डाळिंब मी खाते, तुम्ही कपात मुता.
बायका आजारात चिडचिड करतात. मनावर घेतलं नाही. मन मात्र दिवसभर तिथेच.

१२ मार्च
तोडगा सापडला. मी सातवी नापास, पण डोकं चालतं.
आमच्याकडे आम्हा फोर्कलिफ्टवाल्यांची लघवी कधीही अचानक तपासतात, दारूसाठी. आदल्या दिवशी ज्याने घेतलेली असते तो काकांकडून बाटली भरून घेतो आणि कोमट राहावी म्हणून काखेत धरून नेतो. काका विडीसुद्धा ओढत नाहीत. अख्खी शिफ्ट त्या बाटलीला तीर्थ म्हणते. आजवर एकही रिपोर्ट वाकडा आला नाही.
मला रोग नाही, हे मला माहीत आहे. पण मशीनला माहीत नाही. मशीन चुकलं तर उगाच घर मोडायचं. मग स्वच्छ बाटलीच दिलेली काय वाईट?

१३ मार्च
काकांना नेहमीचीच तपासणी आहे म्हणून सांगितलं. म्हणाले, बाळा, लग्न झालंय तुझं, सुधर आता. पण दिली भरून. गेटसमोरच्या दवाखान्यात मी आत गेलो, नळ सोडला, कप भरून बाहेर आलो. नर्सबाई म्हणाल्या, शाब्बास, बरेच जण घाबरतात.
बायकोला कळवलं. बऱ्याच दिवसांनी हसली.

१९ मार्च
रिपोर्ट आला. क्लॅमिडिया आहे.
नर्सबाईंनी पाणी दिलं. मला वाटतं माझा चेहरा बघून. गोळ्या दिल्या, म्हणाल्या, ज्यांच्याशी संबंध आला त्यांना सांगा. मी विचारलं, हा कधीपासून असेल? म्हणाल्या, सांगता येत नाही. आणि त्या कॅन्सरचं? म्हणाल्या, संबंध असू शकतो, पण एखाद्या बाईला यामुळेच झाला असं कुणीच सांगू शकत नाही.
चांगली बाजू: माझा रिपोर्ट अजून वाईट आलेला नाही.

२० मार्च
काकूंना आज केमो. काका फोनवर बरं बरं म्हणत होते. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं.
गोळ्या दातदुखीच्या म्हणून काकांना द्याव्यात. त्यांची दाढ दुखत असते. कुणालाच काही कळणार नाही. उत्तम प्लॅन.

२१ मार्च
काकांनी गोळ्या परत केल्या. म्हणाले, दाढ आता बरी आहे.

२३ मार्च, रविवार
बायकोने रिपोर्टचं विचारलं. सांगितलं, वाईट आलाय, पण इथलं मशीन खराब आहे. तिने विचारलं, बाटली कुणाची? मागच्या सुट्टीत मीच तिला तीर्थाची गोष्ट रंगवून सांगितली होती, तेव्हा दोघं पोट धरून हसलो होतो. सांगावं लागलं.
मला वाटलं, शिव्या देईल. म्हणाली, मग त्या काकांना सांगितलंत का? त्यांच्याकडे बाई अंथरुणाला खिळलीय आणि तुम्ही कसले प्लॅन करताय. मग रडली. माझ्यासाठी की काकूंसाठी, ते विचारायची हिंमत झाली नाही.

२४ मार्च
सांगितलं. काका बुटाची नाडी बांधत होते. बांधून झाली, सोडली, परत बांधली. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

२६ मार्च
काका आणि मी, दोघंही दवाखान्यात. बाकावर शेजारी शेजारी, हातात आपापला कप. काका एवढंच म्हणाले, तिच्या डॉक्टरांना हे सांगावं लागेल का रे? मी म्हणालो, नर्सबाईंना विचारू. मग म्हणाले, आणि तिला? यावर मी नुसतं बरं बरं म्हणालो.
काका आत जाऊन आले. मला होईना. बाटलीचं कळल्यामुळे नर्सबाई आज दारातच उभ्या. तीन ग्लास पाणी झालं.
बायकोचा फोन वाजतोय. कप अजून कोरडाच आहे.