जिन्याखालचं लाल कुलूप

बाबा,

तुमचं कुलूप उद्या निघणार आहे. आईने आपल्या रिसाली वस्तीतल्याच एका वायरमनला सांगून ठेवलंय, तो सकाळी आरी घेऊन येईल. कुलूप काढण्याआधी ज्याचं आहे त्याला कळवायचं असतं, हा तुमच्याच पोलाद कारखान्यातल्या मिलमधला नियम, म्हणून लिहायला बसले. एरवी मी पत्रं लिहिणाऱ्यांतली नाही आणि तुम्ही वाचणाऱ्यांतले नव्हता. लग्नपत्रिका आली तरी आईच्या हातात देऊन जेवण कधी आहे तेवढं सांग म्हणायचा.

मिलमध्ये मशीनच्या आत उतरण्याआधी तुम्ही लोक तिची वीज बंद करून स्विचवर आपापलं कुलूप लावायचा. चार जण उतरले तर चार कुलपं, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. शेवटचं निघेपर्यंत वीज येणार नाही. मी शाळेत होते तेव्हाची एक दुपार मला अजून आठवते. काम संपलं, सगळ्यांनी कुलपं काढली, एक तसंच राहिलं. ज्याचं होतं तो गडी शिफ्ट संपवून भाचीच्या साखरपुड्याला गेला, असं कोणीतरी म्हणालं. साहेब म्हणाले, कापा. तुम्ही नाही म्हणालात, स्कूटर काढून पद्मनाभपूरला गेलात, मांडवातून त्याला उठवून मागे बसवलंत आणि परत आलात. मिल तोवर उभी. तो किल्ली खिशात घेऊन गुलाबजाम खात बसला होता. त्या संध्याकाळी आई चपात्या लाटतेय, तुम्ही ओट्याला टेकून चहा पिताय आणि साहेबांचं बोलणं आम्हाला जसंच्या तसं ऐकवताय. मी आपली शहाणी, म्हटलं, आत कोणीच नव्हतं तर उगाच ना? तुम्ही कप खाली ठेवलात.

"आत कोणी नव्हता, हे तुले आता मालूम झालं. तेव्हा कोणाले मालूम होतं?"

आवाज चढला नव्हता. पण मला ते बोलणं लागलं होतं.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. आमचं सॉफ्टवेअर बऱ्याच गावांतल्या औषधांच्या दुकानांत दिवसभर चालू असतं, आणि ते चालू असतानाच मी त्यात नवा भाग घालते. त्याला रिलीज म्हणतात. हे ऐकून तुम्ही चालू मशीनमध्ये हात घालतेस का म्हणून विचारलं होतं आणि मला हसू आलं होतं. नंतर आमच्या टीममध्ये मीच कुलपाची पद्धत आणली. ज्याचा हात चालू सिस्टीममध्ये आहे त्याने आपल्या नावाचं कुलूप लावायचं. ते निघेपर्यंत कोणाचाही रिलीज जाणार नाही. लोखंडाचं नाही, स्क्रीनवरचंच. ते तोडण्याचा अधिकार फक्त माझ्याकडे.

गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याचं कुलूप तसंच राहिलं. फोन उचलेना. इकडे दुकानांत बिलं चुकीची निघायला लागली होती आणि दुरुस्ती माझ्याकडे तयार होती. साहेबांचं म्हणणं, तोड. मी म्हटलं, तो आत आहे की नाही ते कळू दे. आपण शांत आहोत असं दाखवत होते, पण नोकरी जाईल असंही वाटून गेलं. ही नोकरी गेली तर पुणं नाहीतर हैदराबाद, आणि आई इथे एकटी. शेवटी त्याच्या बायकोचा नंबर मिळाला. स्वारी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडली होती. काम केव्हाच संपवलं होतं, कुलूप काढायचं विसरला. मीटिंगमध्ये सगळे हसले, साहेब सोडून. त्यांनी मला नियम करायला सांगितलं: माणूस सापडलाच नाही तर काय करायचं? मी तुमचाच नियम दिला. आधी तो आत नाही याची खात्री करायची, मग त्याला कळवायचं, मग कुलूप काढायचं. साहेबांना पटलं. नोकरी राहिली.

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावरून बोलत होते आणि आई पलीकडे लाखोळीची डाळ निवडत ऐकत होती. लॅपटॉप मिटल्यावर तिने विचारलं, "मंग आपल्या घरचं कुलूप कावून ठेवलं वो?"

मी तिच्यासमोरची डाळ निवडायला घेतली.

वरची खोली तुम्ही माझ्यासाठीच काढली होती. मी घरून काम करायला भिलाईला परत आले तेव्हा मिक्सरच्या आवाजात पोरीने मीटिंग कशी करायची म्हणून. वायरमन बोलवू देईनात, रिटायर झालो म्हणून हात गेले का म्हणालात. मिलचं कुलूप जमा करून आला होतात, तर बाजारातून नवं आणून त्याला लाल रंग दिलात. घरात माणसं तीन, त्यातल्या दोघींना स्विचला हात लावायची हिंमत नाही, आणि तुम्ही वरच्या लाइनला कुलूप लावून शिडी चढताय. त्या दिवशी चहाला खाली आलात, छाती भरून आल्यासारखी वाटते म्हणालात, आणि सेक्टर नऊच्या हॉस्पिटलातून परत आला नाहीत. कुलूप जिन्याखालच्या स्विचवर तसंच राहिलं, वर वीज नाही. इतकी वर्षं आई संध्याकाळी टॉर्च घेऊन वर वाळत घातलेल्या वड्या आणायला जाते. मी अजून जेवणाच्याच टेबलावर बसते आणि मिक्सर अजून माझ्या मीटिंगमध्ये बोलतो. मला ते कुलूप काढायचं नव्हतं. ते आहे तोवर तुम्ही वर काम करताय, असा हिशेब मी मनाशी धरला होता. तुम्ही ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

मघाशी वर जाऊन आले. नियम म्हणजे नियम. शिडी भिंतीला लावलेली आहे, पंख्याच्या वायरी लोंबताहेत, तुमचा स्क्रू पिळायचा पेचकस खिडकीत आहे, धूळ बसलेला. कोपऱ्यापर्यंत टॉर्च फिरवला, मग तिथेच थोडा वेळ बसले आणि रडले.

आत कोणी नाही.

आता कळवते, बाबा: वरच्या लाइनवरचं तुमचं कुलूप उद्या निघेल. वायरमन फक्त पंखा बसवेल. आरीची गरज लागणार नाही, हे अजून आईला सांगितलेलं नाही. हॉस्पिटलने तुमचे कपडे दिले तेव्हा शर्टाच्या खिशात किल्ली होती. ती तेव्हापासून माझ्याकडेच आहे.