तुझ्या माहेरचं पाणी

शहागड,
१२ जानेवारी

प्रिय वंदना वहिनी,

सोमेश्वरदादाकडून कळलं, तुला आठवा लागला. तेव्हापासून तीनदा तुझा नंबर लावला. तुझा आवाज आला की मी फोन ठेवते. म्हणून लिहितेय.

बाळ जाऊन दोन वर्षं झाली. जन्माच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं दूध ओढायचं सोडलं होतं. "अक्षता, हा असा का कण्हतोय गं?" तू सारखी विचारत होतीस. जालन्याला पोचलो तोवर उशीर झाला होता. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "बऱ्हाणपूरच्या पाण्यातूनच काहीतरी घेऊन आली ही. आमच्यात असं कधी झालं न्हाई." तू माझ्याकडे पाहिलंस. घरात नर्स मी एकटीच. मी मान खाली घातली. महिन्याभरात तू आणि दादा बऱ्हाणपूरला, तुझ्या माहेरी निघून गेलात.

सध्या माझी ड्यूटी अंकुशनगरला आहे. एक डॉक्टरबाई इथल्या आणि ऊसतोडीला बाहेरून आलेल्या गरोदर बायकांची तपासणी करताहेत. दिवस भरत आले की कापसाच्या काडीनं नमुना घ्यायचा आणि एक जंतू आहे का बघायचं. बाईला त्याचा पत्ताही नसतो, पण बाळंतपणात तो बाळाला लागू शकतो. मला वाटलं, खोपटातल्या बायकांतच निघेल. तो धुळ्याकडच्या बायनाबाईत निघाला, तसाच फिल्टरचं पाणी पिणाऱ्या इथल्या बागायतदाराच्या सुनेतही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा गाव बघत नाही, अस्वच्छतेनंही येत नाही.

मंगळवारी उसाच्या फडातच बायनाबाईचं पाणी गेलं. मुकादम म्हणाला, "कळा न्हाईत, मंग जल्दी कशाची? गाडी भरू द्या." मी ओरडलेच त्याच्यावर. रस्त्यावरची जीप थांबवून तिला दवाखान्यात नेलं. लगेच त्या जंतूवरचं इंजेक्शन दिलं, चार तासांनी दुसरं. संध्याकाळी मुलगी झाली. दोन दिवस मी तिचे श्वास मोजत होते. तिसऱ्या दिवशी ती दुधासाठी अशी किंचाळली, की मी बाहेर जाऊन रडले.

वहिनी, आपल्या बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट तो गेल्यावर आठवड्यानं आला होता. आणायला मीच गेले होते. त्यावर याच जंतूचं नाव होतं. तेव्हा पुरतं कळलं नव्हतं, पण यात तुझी चूक नाही, एवढं कळलं होतं. आईपुढे बोलायची हिंमत झाली नाही. मी तो कपाटात ठेवून दिला. आता तो सोबत पाठवतेय. मिळाल्याबरोबर तुझ्या डॉक्टरांना दाखव. पाणी गेलं किंवा कळ आली की घरी एक क्षण थांबू नकोस. पहिलं बाळ यानं गेलं, असं सांग, ते इंजेक्शन देतील. काल आईलाही सगळं सांगितलं. ती अजून जेवली नाही. मला माफ कर असं म्हणत नाही. रिपोर्ट पोचला, एवढं दादाकडून कळव.

तुझीच,
तेव्हा गप्प बसलेली
अक्षता