पाचव्या अंकाचं दार

८ जानेवारी १९२८
संध्याकाळी अण्णांना इंग्रजी नाटकाचा तिसरा अंक वाचून दाखवला. म्हणजे मी मनात इंग्रजी वाचतो आणि तोंडानं मराठी सांगतो. वडिलांचे दोन्ही डोळे गेले, पोथी सुटली, तेव्हापासून घरात हेच पुराण. जन्मभर देवळात पुराण सांगितलेला माणूस श्रोता म्हणून फार वाईट. मधेच अडवतात, भांडतात.

नाटकातल्या उमरावानं मुलाला घराबाहेर काढलं. अण्णा म्हणाले, "योग्य केलं."

मी पुढं वाचलं. दादाचं नाव दोघांनीही काढलं नाही. दादा नाटक कंपनीत गेला, स्त्रीपार्टी झाला, त्या दिवसापासून या घरात एकच मुलगा, तो मी. आई गेली तेव्हा आला होता. ओसरीवरून हाक मारली, "अण्णा". अण्णा देवघरातून उठले नाहीत. मीही उठलो नाही, ते असो.

११ जाने.
शाळेतून येताना नव्या पेठेत शिवलिंगप्पानं गाठलं. मूळचा दुधनीचा. भुसार विकायचं सोडून गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेत सिनेमाचा तंबू ठोकलाय. म्हणाला, "मास्तर, इंग्रजी नाटकाचा शिनेमा आनलाय. पडद्यावर निस्त्या इंग्रजी पाट्या. लोकान्ला कळंना, आन् आमचा सांगनारा घसा धरून बसलाय. तुमी पडद्याजवळ हुबं राहून सांगा की."

नाटक कोणतं? तर हेच, उमरावाचं! हो म्हणून बसलो.

हेडमास्तरांना विचारलं. "वाङ्मय आहे, हरकत नाही. पण कोट घालून जा."

१३ जाने.
तंबूत एकट्यानं चित्रपट पाहिला. नाही आवडला. ज्या भाषणासाठी मी हे नाटक दरवर्षी वर्गात शिकवतो, ते पडद्यावर दीड ओळीच्या पाटीत उरकलंय. बाकी वेळ उमराव डोळे गरगर फिरवतो आणि मुठी आवळतो. शब्दांचं नाटक मुक्यांच्या हाती.

एक मात्र मान्य करतो. पाचव्या अंकात मुलगा बर्फात दाराशी येऊन थाप मारतो, हाक मारतो, आणि म्हातारा आतून कडीवर हात ठेवून उभा राहतो. तो हात थरथरतो. पुस्तकात तो हात नाही. मी इतक्यांदा वाचलं, मला कधी दिसला नव्हता.

शि.ची अट, शेवट गोड सांगायचा.
"अहो, पडद्यावर मुलगा बर्फात मरतो."
"झोपलाय म्हना. मग उठला म्हना. पडदा काय बोलतोय व्हय? जत्रंत लोक हसाया आल्यात मास्तर. मेला म्हनलासा तर बाकं मोडत्याल माजी."

१४ जाने. संक्रांत
पहिला खेळ. तंबू गच्च. मागून कुणी तेलुगूत, कुणी कानडीत शेजाऱ्याला माझं मराठी पुन्हा सांगत होतं. त्यामुळं माझं प्रत्येक वाक्य तीनदा होत होतं. शेवटी मुलगा डोळे उघडतो, बाप त्याला पोटाशी धरतो, असं ठोकून दिलं. टाळ्या बऱ्यापैकी. पेटीवाला रडका राग सोडायला तयार नाही, त्याला कुणी सांगितलं नसावं.

तिळगूळ खाता खाता अण्णा म्हणाले, "मला ने तिथं."
सौ. हसली. "सिनेमाला?"
"बोलणार हा, ऐकणार मी. डोळ्यांचं काम काय तिथं?"
पाचवा अंक त्यांना अजून वाचून दाखवलेला नाही.

१६ जाने.
नेलं. अण्णा पुढच्या बाकावर, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये. सौ. बायकांच्या बाजूला. मी नेहमीपेक्षा चढून बोललो, हे नंतर लक्षात आलं. अण्णांसमोर चारचौघांत पुराण सांगायची ही पहिलीच वेळ. शेवटी मुलगा उठवला, बापाच्या गळ्यात घातला, वर एक आशीर्वादही देवविला.

घरी पाय धुताना अण्णा म्हणाले,
"पोरगा उठला म्हणालास."
"हो."
"मग बायका का रडत होत्या?"

सौ. पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिचेही डोळे सुजलेले.

अण्णा पाय पुसत राहिले. मग म्हणाले, "मरणावर पोथी बांधायची नाही, हे मीच तुला शिकवलं. खरं आहे. मीही मरणाचा अध्याय आला की त्या दिवशी थोडं पुढं वाचत असे. पण पुढचं असायचं ते पोथीतलंच. पदरचं घालत नव्हतो."

लाज वाटली. उद्यापासून सांगणार नाही म्हणून शि.ला निरोप धाडला.

१७ जाने.
शि. चिडलेला नाही. त्याच्या माणसाचा घसा गूळ-सुंठीनं सुटला. तो म्हणे शेवटी मुलाचं लग्नही लावून देतो. लावू दे.


१८ जाने.
दिवे लागल्यावर अण्णा स्वतःच म्हणाले, "पाचवा अंक. जसा आहे तसा."

वाचला. दारावरची थाप आली तसा त्यांनी हात वर केला.
"आवाज ओळखला होता त्यानं?"
"ओळखला होता."
"आणि तरी?"
"तरी. सकाळी उघडतो."
"पुरे."

उमरावाचं शेवटचं भाषण राहिलं. फार सुंदर आहे. पण मलाही पुढं वाचवेना. पुस्तक मिटलं. यापूर्वी या नाटकानं मला रडवलं नव्हतं, मी ते फक्त शिकवत होतो.

१९ जाने.
सकाळी संध्या आटोपून अण्णा, एकदम:
"त्याची कंपनी कुठं आहे?"
त्याची म्हणजे कुणाची, असं विचारलं नाही. "नातेपुत्याला. रविवारी दुपारी खेळ आहे."
"तुला कसं माहीत?"
"माहीत असतं."
अण्णांनी पळी-पंचपात्री बाजूला सारली. "मला काही दिसत नाही. मग तो लुगडं नेसला काय नि धोतर काय. आवाज ऐकून येऊ."
सौ.नं त्यांचा काळा कोट उन्हात टाकला.

२१ जाने.
पंढरपूरपर्यंत आगगाडी, पुढं मोटार. धूळ फार. अण्णा वाटेत दोनदा म्हणाले, परत फिरू. मी गाडी थांबवायला सांगितली नाही, आणि त्यांनीही पुढं हट्ट धरला नाही. मुक्काम धर्मशाळेत. दादाला कळवलेलं नाही. कळवलं असतं तर अण्णा आले नसते, किंवा दादा स्टेजवर आला नसता.

२२ जाने., नातेपुते
पहिल्या अंकाचा पडदा पडला. दुसरा अंक सुरू व्हायच्या आत पेन्सिलीनं लिहितोय.

अण्णा सारखे विचारत होते, "आला का?" मी म्हणत होतो, अजून नाही. मग दादा आला. नऊवारी, नाकात नथ, केसांत गजरा. जरा जाडावलाय. सवयीनं मी सांगायला तोंड उघडलं, तर अण्णांनी माझा गुडघा दाबला. "सांगू नकोस."

दादा बोलू लागला. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "हे तुझ्या आईचं बोलणं आहे."

खरंच आहे. वाक्याच्या शेवटी आवाज सोडून द्यायची तिची तीच लकब. एवढी वर्षं चोरून खेळ बघताना मला वाटत होतं, हे कंपनीनं शिकवलं असेल.

दुसरी घंटा झाली. अण्णांनी आत्ता विचारलं, "खेळ संपल्यावर आत जायची वाट कशी आहे?"
मी मघाशी पाहून आलोय. तंबूच्या मागच्या अंगाला आहे. "दार नाही अण्णा. नुसता किंतानाचा पडदा लावलाय."
"म्हणजे थाप मारता यायची नाही."
"नाही."
"मग हाक मारावी लागेल," म्हणाले. आणि काठी सावरत, "मीच मारीन."

तिसरी घंटा.