करियाला अप्पांची हाक

वळसंग, मंगळवार

अहो,

नमस्कार. मी इथे ठीक आहे. ऋतुजाचा खोकला थांबला का? फोनवर बोलताना ती शेजारीच असते, म्हणून हे लिहिते.

अप्पांना सोलापूरच्या दवाखान्यात नेऊन आज नऊ दिवस झाले. शरणबसव त्यांच्याजवळ आहे आणि मी घरी त्यांच्या कुत्र्याला, करियाला सांभाळते. अर्धांगाच्या झटक्यानं अप्पांची वाचा गेली. ती आता परत यायची नाही, असं डॉक्टरांनी शनिवारी सांगितलं.

करिया नुसतं पाणी पितो. दुधात भाकरी कुस्करून ठेवली तरी तोंड लावत नाही. अप्पांसारखं ‘बारो करिया’ म्हणून मीही बोलावते, पण तो जागचा हलत नाही.

काल शरणबसवनं व्हिडिओ कॉल लावला. मी फोन करियापुढे धरला. अप्पांनी हाक मारायला फार जोर केला, पण घशातून नुसती घरघर आली. करियानं कान टवकारले, फोन हुंगला आणि बाजेखाली जाऊन पडला.

“अक्का, ओळखलं का गं त्यानं?” शरणबसवनं विचारलं.

“व्हय, शेपूट हलवली की,” मी म्हणाले.

पण अप्पांना सगळं दिसलं होतं. आज पुन्हा फोन लावला, तर करियाला दाखवू नको, असं त्यांनी चांगल्या हातानं खुणावलं आणि डोळे मिटून घेतले.

इतक्यात माझं येणं होणार नाही. तुम्ही वेळेवर जेवत जा. ऋतुजानं विचारलं तर सांगा, करिया जेवतो.

तुमची,
राजेश्वरी