फ्रिजच्या दारातली बाटली

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, दुकानात गर्दी किती, हे सगळं विचारलं असं समज. पत्र लिहितेय कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'अगं, काही होत नाही' म्हणतेस आणि विषय संपवतेस.

तर झालंय. भिंगरी सहा दिवस हॉस्पिटलमध्ये आहे. लघवीचं इन्फेक्शन. उजव्या हाताला सलाईन, त्यामुळे पोरगी डाव्या हाताने हत्ती काढत बसते. सहा वर्षांची आहे गं ती.

रिपोर्टमध्ये औषधांची यादी असते. कोणतं लागू पडेल, कोणतं नाही. नऊपैकी सात लागू पडत नाहीत! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या जंतूंना ही औषधं पाठ झालीत. आता इंजेक्शनंच द्यायची."

पाठ कोणी करून घेतली? आपण दोघींनी. पोरीला जरा कणकण आली की तुझी बाटली हजर. सर्दीला बाटली, खोकल्याला बाटली. चिठ्ठी कुणाची? तुझीच. औषधाच्या दुकानात वीस वर्षं उभं राहून कुणी डॉक्टर होत नाही, ताई. आणि मी तरी काय दिवे लावले? ताप उतरला की तिसऱ्या दिवशी औषध बंद. उरलेलं फ्रिजच्या दारात, सॉसच्या शेजारी, पुढच्या तापासाठी. एकदा पाणी घातलं की ते आठवडाभरात टाकायचं असतं, हे बाटलीवरच छापलेलं आहे. आपल्या घरात टाकवत कुणाला नाही.

वर्षभरात पाठवलेल्या सगळ्या बाटल्यांची नावं लिहून पाठव. बाईंना हवी आहेत. आठवत नाही म्हणू नकोस. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठली गोळी सोसत नाही, हे तुला झोपेतही सांगता येतं.

तू विचारशील, वेळेवर का नाही दाखवलंस? दाखवलं, पहिल्याच दिवशी. लघवी तपासायला दिली. तिच्यात जंतू वाढलेच नाहीत. बाई म्हणाल्या, साधा ताप दिसतोय, बघू. त्या बघण्यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पोरगी थंडीने अशी थडथडायला लागली की मी तिला तशीच उचलून धावत सुटले.

जंतू का वाढले नाहीत, ते सांगते. इतका वेळ तुझ्यावर चिडून घेतलं ते बहुतेक हे लिहावं लागू नये म्हणूनच. त्या पहिल्या दिवशी बाईंकडे निघायच्या आधी मी तिला फ्रिजमधल्या बाटलीतले दोन चमचे पाजले होते. जंतू मेले नाहीत, नुसते दबले. बाईंनी विचारलं, "आधी काही औषध दिलंय का?" मी म्हटलं, "नाही." लाज वाटली, दुसरं काही नाही. त्यांनी भिंगरीलाही विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तीही "नाही" म्हणाली.

आज सकाळी बाई तपासायला आल्या तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं, तारखांसकट. मूत्रपिंडावर व्रण राहिला की नाही, ते काही महिन्यांनी स्कॅन केल्यावर कळेल म्हणाल्या.

त्या वळल्या तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "मग मी पण सांगू का?"

"काय गं?"

"मला पाठीत दुखतं. इथे."

सहा दिवस बाई तिला रोज विचारत होत्या, कुठे दुखतं का, आणि ती रोज मान हलवून नाही म्हणत होती. मी म्हटलं, "अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"डॉक्टरांना सांगायचं नसतं ना?" ती म्हणाली. अगदी साधेपणाने, मलाच आठवण करून दिल्यासारखी.

बाईंनी लगेच पुन्हा सोनोग्राफी लिहिली आहे. आम्ही रांगेत आहोत, आणि मी हे मांडीवर कागद ठेवून लिहितेय. नावं पाठव, ताई. एकही गाळू नकोस, मला वाचवायला तर मुळीच नको.

आज स्वतःला भिंगरीची आई म्हणवत नाही, म्हणून नुसतीच

तुझी धाकटी