शिट्टी मूळ मालकिणीच्या नावे करण्याबाबत

प्रति,
मा. संचालिका,
'विल्ला रोबिनिया' ज्येष्ठ नागरिक निवास,
कास्तेलमारो, पार्मा.

विषय : ऑपेरा रसग्रहण वर्गात वाजलेल्या शिट्टीच्या नोंदीतील नाव बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : जेवणघरातील फळ्यावरची आपली सूचना, दि. २० डिसेंबर २०२३.

महोदया,

१. सदर वर्गात नाव घालताना अर्जदाराचा काय फायदा होता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे खरे वाटेल. पहिला फायदा, मंगळवारी चार वाजताच्या खुर्चीतल्या व्यायामातून सुटका. दुसरा, वर्ग न चुकवणाऱ्या चौघांना हंगामाच्या पहिल्या प्रयोगाला, नाट्यगृहाच्या सर्वांत वरच्या गॅलरीत, निवासाची बस नेणार होती. तिसरा, शेजारची खुर्ची सिन्योरा निव्हेस बोचेद्दी यांची होती. प्रवेशअर्जात यासाठी रकाना नव्हता, म्हणून तो लिहिला नाही.

२. वर्ग घेणारे प्राध्यापक फुल्जेन्झी डोंगराकडचे, त्रेंतोचे. माणूस सज्जन. ऑपेरा कसा ऐकावा हे ते ज्यांना शिकवत होते, त्यांतल्या निम्म्यांनी त्याच गॅलरीत चाळीस-चाळीस वर्षे बसून भल्याभल्या गायकांना घाम फोडलेला आहे. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून ऐकायला सांगितले. अकरा जणांनी मिटले. त्यांपैकी चौघांचे कॉफी येईपर्यंत उघडले नाहीत. प्राध्यापकांनी हजेरीवहीत 'एकाग्रता उत्तम' असा शेरा मारला.

३. दि. १९ डिसेंबर रोजी त्यांनी गायकाचे नाव न सांगता एक ध्वनिमुद्रण लावले. वरच्या सुराला शिट्टी वाजली. आमच्या गॅलरीत शिट्टी सूर फसल्यावर वाजते, म्हणजे ती लक्ष देऊन ऐकल्याची पोच असते. ज्याचे लक्ष नसते तो टाळ्या वाजवतो. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शिवाय तो गायक म्हणजे तरुणपणीचे ते स्वतःच होते. त्यांनी यंत्र बंद केले, कोट घेतला आणि ते निघून गेले.

४. आपण येऊन 'शिट्टी कोणी वाजवली?' असे विचारलेत. अर्जदाराने अडतीस वर्षे चीजच्या चाकाएवढ्या गोल ढेपांवर हातोडी वाजवून आतली पोकळी ऐकण्याची नोकरी केली आहे. शिट्टी डाव्या हाताला, हातभर अंतरावरून आली, हे त्याला कळणारच. पण वाजवणाऱ्याची बसमधली जागा जाणार, हेही कळले. सिन्योरांच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे की गॅलरीचे जिने यंदाच, पुढच्या वर्षी नाहीत. म्हणून अर्जदार उभा राहिला. त्याचे नाव वर्गातून कमी झाले, 'शिट्टी वाजवणारा' म्हणून फळ्यावर लागले, जागा रद्द झाली. इथवर तक्रार नाही.

५. तक्रार पुढे आहे. अर्जदाराला वाटले होते, आभाराचा एखादा शब्द मिळेल. झाले भलतेच. संध्याकाळी नऊ जणांनी हात मिळवून 'काय कान आहे' म्हणून पाठ थोपटली. रविवारी आचाऱ्याने अनोलिनीच्या, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या चकत्यांच्या, सुपाचा एक डाव जास्त वाढला. अर्जदाराने तो खाल्ला, हे कबूल. सिन्योरा समोरच्या टेबलावरून बघत होत्या. त्यांनी आपली खुर्ची भिंतीकडे हलवली आणि त्यानंतर चौथ्या दिवशी तोंड उघडले ते असे :

"ओत्तोरिनो, जागा वाचवलीत, उपकार झाले. पण शिट्टी माझी होती. साठ वर्षांत एकदा इतकी वेळेवर लागली, आणि सूप तुम्ही प्यालात."

फळ्यावरचे नाव बदलेपर्यंत बसमध्ये पाय ठेवणार नाही, असे त्यांनी जाहीर केले आहे. बस येत्या रविवारी सुटते.

६. पुरावा असा की, सप्टेंबरमध्ये वरची कवळी बसवल्यापासून अर्जदाराला शिट्टी वाजवता येत नाही. फुंकले तर कवळी पुढे येते. दंतवैद्यांसमोर तसे करून दाखवले आहे. ज्यांचा अपमान झाला म्हणता, ते प्राध्यापक सुट्टीनंतर स्वतःहून परतले आणि तो सूर नेमका कुठे बिघडला, असे त्यांनी अर्जदाराला एकांतात विचारले. सांगितले की वरून साल छान, आत पोकळ. ते म्हणाले, "माझे गुरुजीही हेच म्हणायचे. म्हणून तर शिकवायला लागलो." वर्ग पूर्ववत चालू आहे. शिट्टी खरी कोणाची, हे त्यांना अर्जदाराने सांगितले तेव्हा ते सिन्योरांना वाकून नमस्कार करून आले.

७. तरी विनंती की, फळ्यावर अर्जदाराच्या जागी सिन्योरा निव्हेस बोचेद्दी यांचे नाव ठळक अक्षरांत लिहावे. म्हणून त्यांची जागा मात्र काढून घेऊ नये. शिट्टी एकच वाजली, तिची शिक्षा एकदा भोगून झाली आहे. तीच दुसऱ्यांदा वसूल करता येत नाही. अर्जदार स्वतःची जागा परत मागत नाही. मंगळवारी तो खुर्चीतल्या व्यायामाला हजर राहील.

निर्णयाची वाट पाहणारा, आपल्याच छपराखालचा,

(सही)
ओत्तोरिनो गांदुस्सी
वय ८१, खोली क्र. १४
दि. १० जानेवारी २०२४

सोबत :
(१) कवळीबाबत दंतवैद्यांचा दाखला.
(२) आचाऱ्याची चिठ्ठी : येत्या रविवारपासून जादा डाव सिन्योरांच्या ताटात.
(३) बसच्या जागा क्र. ३ ची अर्जदाराची चिठ्ठी, न वापरलेली. शिट्टीची किंमत यात पूर्ण चुकती झाली असे समजावे.