ताश्कंदचं कुंकू

ताश्कंद,
शनिवार, २ नोव्हेंबर १९७४

चि. केशर,

आधी तुला आशीर्वाद, मग तुझ्या तात्याकाकांना आणि काकूंना नमस्कार. पालमला सगळे खुशाल आहात असं धरून चालते, कारण इथं कळायला दुसरा मार्ग नाही. मी बरी आहे. थंडी मात्र फार. काकूंनी बळंच बांधून दिलेल्या गोधडीला दिल्लीत आबासाहेब हसले होते, काल तेच ती मागायला आले. मी दिली नाही.

दशम्या संपल्या. शेंगदाण्याची चटणी पुरवून पुरवून खाते. इथली रोटी गोल आणि जाड असते, चवीला चांगली. पण ताटात मटण कुठून येईल याचा नेम नाही, म्हणून मी आपली रोटी, द्राक्षं आणि बिनदुधाचा चहा यांवर आहे.

मला एकटीला खोली दिलीय. शिष्टमंडळात बाई मी एकटीच, त्याला कोण काय करणार. जेवणं झाली की आबासाहेब म्हणतात, "बाई, तुमी दमला असाल, आराम करा." म्हणजे आता बाटली निघणार. मी निमूट वर येते. जन्मात कधी खोलीत एकटी झोपले नव्हते गं. आपल्या घरी कुणी घोरतं, कुणी खोकतं, तू झोपेत लाथा मारतेस. इथं कडी लावली की आपलाच श्वास ऐकू येतो. पहिल्या दिवशी तर मी खुर्चीशी बोलले. हसू नकोस.

आम्ही परभणीचं नाव परदेशात काढायला आलोय, हे तुला पाठ असेलच. निघायच्या आधी आबासाहेबांनी चौकाचौकात तेच भाषण केलं. आपला कापूस, ज्वारी, जिनिंगचा धंदा इथल्या लोकांना दाखवायचा, यांची यंत्रं बघायची आणि दोन शहरांची मैत्री जोडायची. आबासाहेब नगराध्यक्ष, बन्सीधरशेठ जिनिंगवाले, बाजार समितीचे दोघं, आणि कापूस सोसायटीची संचालक म्हणून मी. खरं कारण तुला सांगते, यांच्याकडून पत्र आलं होतं की एक तरी बाई हवीच. परवाच्या भाषणात आबासाहेबांनी आपल्याकडची म्हण जोरात ठोकली, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!" आमची दुभाषी पोरगी गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. तिनं पुढं काय सांगितलं देव जाणे, पण टाळ्या पडल्या.

त्या पोरीचं नाव दिलबर. खरंच. पुरुष मंडळी हाक मारायला लाजतात, "ओ ताई" म्हणतात. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. शाळेत हिंदी शिकलीय. निजामाच्या वेळी लहानपणी कानावर पडलेली माझी मोडकी उर्दू तिला कळते, आणि दिवसभरात माझ्याशी बोलणारी तीच एक. तिचे वडीलही लवकर गेले. आई ट्राम चालवते म्हणे, लाल रुमाल बांधून. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आता मूळ मुद्द्यावर येते. कापूस आणि चटणीच्या आड किती वेळ लपणार?

इथल्या प्रदर्शनात आपल्या परभणीचं एक दालन होतं. त्याच्या उद्घाटनासाठी आबासाहेबांनी घरून तबक, निरांजन, कुंकू असं सगळं आणलं होतं. पाहुण्यांना ओवाळायचं, कुंकू लावायचं, आपली रीत दाखवायची. आदल्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की ओवाळायला सवाष्णच नाही. बाई आहे, पण ती मी. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, राग मानू नका. शुभ काम हाय. ती पोरगी करंल की, तिला तेवढं शिकवा तुमी."

राग कसला मानायचा? मी शिकवलं. साबणाची बशी तबक म्हणून घेतली आणि माझ्याच खोलीत दिलबरला दाखवलं, कसं धरायचं, कसं ओवाळायचं, कुठल्या बोटानं कुंकू लावायचं. पोरगी हुशार, लगेच जमलं तिला. मग म्हणाली, "आप खुद क्यों नहीं करतीं?"

म्हटलं, "मेरे कू चलता नहीं, बेटा."

"क्यों?"

म्हटलं, "रिवाज." हा शब्द तिच्या भाषेतही आहे म्हणे. 

उद्घाटनाला मी मागं, ज्वारीच्या कणसांच्या पेंढीजवळ उभी होते. अशा वेळी मागं सरायची पायांना सवय झालीय, त्यांना सांगावं लागत नाही. दिलबरनं यांच्या महापौरांना ओवाळलं, आबासाहेबांना ओवाळलं, शेठना ओवाळलं. मग तबक घेऊन गर्दीतून सरळ माझ्यापुढं आली. मी नको म्हणायच्या आत तिचं बोट माझ्या कपाळावर, बरोबर गोंदणावर टेकलं. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. यांची माणसं टाळ्या वाजवत होती आणि आपले चौघं खाली बघत होते.

आबासाहेब जवळ येऊन म्हणाले, "बाई, बिगीबिगी धुऊन घ्या." मी तोंड धुवायला गेले. झालं ते एवढंच.

तो फोटो परभणीच्या पेपरात येणार आहे. दुसरा दिला असता, पण महापौर आणि आबासाहेब शेजारी शेजारी ठळक दिसतात तो हाच एक, त्यामुळं आबासाहेबांना तो सोडवत नाही. बन्सीधरशेठ आमच्या आधी निघतायत, फोटो त्यांच्याकडं आहे. हे पत्रही त्यांच्याच हाती देतेय. तुला पेपरातून कळायला नको.

आबासाहेबांनी मला समजावलं, "मी तात्यारावांस्नी आन पाथरीकरांस्नी सांगतो, परक्या पोरीची चूक झाली, बाईंनी तवाच पुसलं. ते लोक लय जुने हायत. केशरीचं लगीन तोंडावर हाय." मी मान हलवली.

केशर, मी पुसलं नाही.

नळ सोडला होता, ओंजळ भरली होती. समोर भिंतभर आरसा. आपल्याकडं आरसा काकूंच्या खोलीत, आणि मला त्यात बघायचं काही कारण राहिलेलं नाही. मी वेणीसुद्धा अंदाजानंच घालते. इथं आरशात एक बाई उभी होती. तुझे बापू आठवले आणि मी रडले, असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. मला ती बाई आवडली. ओंजळ सोडून दिली, पदर पुढं ओढला आणि बाहेर आले. कुणाला दिसलं नाही. खोलीत आल्यावर पदर मागं सारला, आणि त्या दिवशी तेवढं मला एकटं वाटलं नाही.

दिलबरला कळलं नव्हतं, की कळून तिनं केलं, हे मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

आता तुझं. पाथरीकरांना खरं कळलं तर सोयरीक मोडेल, हे मला आबासाहेबांनी सांगायला नको. मुलगा तुझ्या मनात भरलाय, तू कितीही लपव. म्हणून तू म्हणशील तर आबासाहेबांचंच खरं. जो विचारील त्याला सांगेन, पुसलं म्हणून. तुझ्यासाठी एवढं खोटं मला जड नाही. पण तुझ्याशी खोटं बोलले, तर त्या भरल्या घरात माझं म्हणून कुणीच उरणार नाही.

आणि एक मागणं आहे. तुळशीचं लग्न झालं की तुझी हळद. ती काकू लावतील आणि मी माजघरात बसेन, हे कुणी न बोलताच ठरलंय. बापू गेले तेव्हा तू रांगत होतीस. तेव्हापासून तुला न्हाऊ घातलं मी, तापात उशाशी बसले मी, आणि त्या एका दिवशी माझाच हात नको. मला तुला हळद लावायची आहे गं. काकूंच्या नंतर लावीन, सगळ्यांच्या शेवटी लावीन, पण मांडवात, लोकांच्या देखत.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही परभणीला उतरू. हारतुरे असतील, बँड असेल, तात्या तर येणारच. तुझं हो असेल तर त्यांच्याबरोबर एसटीनं तूही ये. पुढं पाथरीकर काय म्हणतील ते आपण दोघी मिळून ऐकू. नसेल तर घरीच थांब. मी समजेन, आबासाहेबांचं खरं करीन, आणि तुला एका शब्दानं विचारणार नाही.

तुझी आई,
सरजाबाई

ता. क. नावामागं गं. भा. लिहायचं विसरले असं समजू नकोस. लिहिलेलं नाही.